यंत्र निजतं ती दुपार

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मला एक प्रश्न ठरलेला असे. वाण हातात ठेवता ठेवता कुणीतरी विचारायचंच, की तुम्ही त्या कॉम्प्युटरवर दिवसभर नेमकं करता तरी काय? सुरुवातीची काही वर्षं मी खरं खरं सांगून बघितलं. समोरचीचे डोळे हळूहळू तिळगुळाच्या ताटाकडे वळायचे. मग मी सोपं उत्तर शोधून काढलं. "मी कुकरच्या शिट्ट्या मोजते," असं म्हणायची. बायका हसायच्या आणि विषय संपायचा. गंमत अशी, की उत्तर थट्टेचं असलं तरी खोटं नव्हतं.

आमचं ऑफिस जबलपुरात, गोहलपुरच्या गल्लीत, रफीकभाईंच्या वर्कशॉपच्या माडीवर होतं. खाली फ्रीजर आणि कोल्डरूमची यंत्रं दुरुस्त व्हायची, वर आम्ही चार-पाच जण स्क्रीनसमोर बसायचो. खाली लेथ सुरू झाला की माडीची फरशी हलके थरथरायची आणि कपातल्या चहावर बारीक वलयं उठायची. ती बघत बसायची मला खोडच होती. शाळेत असताना बाई आईला सांगायच्या, की मुलगी हुशार आहे पण वर्गात नसते. नोकरीतही मी अर्धी तिथे आणि अर्धी दुसरीकडेच असायची. माझ्या धंद्यात ते चालून गेलं, कारण आमचं कामही अर्धं दुसरीकडेच चालायचं.

रफीकभाईंनी उभा जन्म बिघडलेले फ्रीजर दुरुस्त करण्यात घालवला. फ्रीजर बिघडल्याचं गिऱ्हाइकाला नेहमी माल नासल्यावरच कळतं, हे त्यांचं दुःख. म्हणून त्यांनी आधी कळायची सोय काढली. साबणाच्या वडीएवढी एक पांढरी डबी फ्रीजरमध्ये ठेवायची, ती दर मिनिटाला आतलं तापमान आमच्याकडे पाठवणार. मंडला, दिंडोरी, सिवनी, कटनी, सगळीकडे डब्या गेल्या. औषधांची दुकानं, आइसक्रीमवाले, दवाखाने, गोठवलेल्या मटारचे व्यापारी असं आमचं गिऱ्हाईक होतं.

आणि गिऱ्हाईक म्हणजे एकेक नमुना. मंडल्याच्या एका औषधवाल्याने डबी चोरीला जाईल या भीतीने ती गल्ल्यात कुलूपबंद करून ठेवली. सगळा उन्हाळा आमच्या स्क्रीनवर त्याचा फ्रीज तापलेला, आणि तो फोनवर शपथेवर सांगतोय की आत हात घातला तर बोटं गारठतात. दोघंही खरंच बोलत होतो. जबलपुरशेजारच्या पाटणचा एक मटारवाला तर रोज सकाळी फोन करायचा. नमस्कार नाही, चमत्कार नाही, थेट विचारायचा, "दीदी, मटर की तबीयत कैसी है?" ठीक आहे म्हटलं की फोन ठेवायचा. माहेरच्या माणसांची खुशाली आपण इतकी नेमाने विचारत नाही.

आता शिट्ट्यांचं सांगते. आमचं सॉफ्टवेअर आकडा येता येताच त्याच्याकडे बघायचं. दिवसभराचे आकडे साठवून संध्याकाळी बघणं, ही जुनी पद्धत. फ्रीजरच्या बाबतीत ती कुचकामाची, कारण संध्याकाळपर्यंत आइसक्रीमचं सरबत झालेलं असतं. पण नुसतं बघूनही भागत नाही. फ्रीजरचं दार उघडलं की तापमान वाढतंच. तेवढ्यावर बोंब मारली तर लोक आमच्या डब्या नर्मदेत टाकतील. तापमान सलग अर्धा तास चढलेलं राहिलं तरच अलार्म वाजवायचा. म्हणजे मागचं लक्षात ठेवायला हवं. एक झाली, दोन झाल्या, तिसरीला गॅस बंद. साऱ्या जगाच्या कुकरच्या शिट्ट्या एकाच वेळी मोजणारं कुणीतरी, ते आमचं सॉफ्टवेअर.

आधी हे माडीवरच्याच एका मोठ्या कॉम्प्युटरवर चालायचं. विश्वकर्मा पूजेला त्याला हार घालता यायचा. डब्या वाढल्या तसा तो दमायला लागला, आणि माझा सहकारी प्रशांत याने सगळा पसारा क्लस्टरवर न्यायचं ठरवलं. प्रशांत चाळिशीचा, सिविल लाइंसमधल्या जुन्या मराठी घरातला, कामाला वाघ. क्लस्टर म्हणजे कुठल्या तरी दूरच्या शहरात एकत्र जोडलेली पुष्कळ यंत्रं आणि त्यांच्यावर एक मुकादम. मुकादमही सॉफ्टवेअरच. आपला प्रोग्राम एका बंद खोक्यात घालायचा, त्याला कंटेनर म्हणतात, आणि मुकादमाला सांगायचं, असे चार कायम चालू ठेव. एखादा पडला की त्याच क्षणी त्याच्या जागी तसाच नवा उभा राहतो. का पडला याची मुकादमाला पर्वा नाही. चार म्हणजे चार.

लग्नघराचं स्वयंपाकघर डोळ्यांपुढे आणा. एक आचारी चक्कर येऊन पडला, तर ओळीत दुसरा उभाच आहे. त्याला सगळं करता येतं. फक्त कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या हे त्याला ठाऊक नाही. म्हणून नियम असा, की दर थोड्या वेळाने शिट्ट्यांचा आकडा बाहेरच्या फळ्यावर लिहायचा. नवा आला की आधी फळा बघणार आणि तिथून पुढे मोजणार. आमच्या धंद्यातली अर्धी अक्कल या फळ्यात आहे.

मला हे सारं स्वप्नासारखं वाटे. माझं काम जिथे चालतं ती जागा मी कधी पाहिली नाही. तिथले कामकरी पापणी लवते न लवते तोच नाहीसे होत, त्यांच्या जागी दुसरे उगवत, आणि वर स्क्रीनवर फ्रीजरांचे शेकडो हिरवे ठिपके शांत तेवत राहत. तापलेल्या फ्रीजरचा अर्धा तास भरला की ठिपका लाल व्हायचा. दुपारच्या वेळी त्या ठिपक्यांकडे बघता बघता मला दिंडोरीच्या कुठल्या तरी दुकानातली थंडगार अंधारी पेटी दिसायची, तिच्यात ओळीने ठेवलेली औषधं दिसायची. प्रशांत टेबलावर पेन वाजवून मला परत आणायचा.

त्या ठिपक्यांतला एक मला विशेष जवळचा होता. शहरातल्या एका रुग्णालयात आईच्या दुधाची पेढी होती. ज्या बाळंतिणींना बाळाला पुरून दूध उरतं त्या ते देतात. ते तपासून, तापवून, लहान बाटल्यांत गोठवून ठेवतात, आणि दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळांना देतात. तिथल्या मरावी सिस्टर मंडल्याकडच्या. डबी बसवायला मी स्वतः गेले होते. फ्रीजर उघडून त्यांनी मला बाटल्या दाखवल्या. प्रत्येकीवर चिठ्ठी होती आणि दुधाचा रंग प्रत्येकीत जरा जरा वेगळा होता. कुणाचं पिवळसर, कुणाचं निळसर.

त्या पावसाळ्यात तिथे एक मुलगी आली, सातव्या महिन्यातच जन्मलेली. तिची आई वरच्या मजल्यावर बेशुद्ध होती आणि बाप दोन मजल्यांमध्ये जिन्यावरच राहायचा. मूल इतकं एवढंसं, की मरावी सिस्टरनी तिचं नाव मटर ठेवलं. तिला दुसरं काही चालत नव्हतं. त्या फ्रीजरमधलं दूध, थेंब थेंब, नळीने, एवढ्यावरच ती होती. मग मीही रोज सकाळी फोन करू लागले आणि पाटणच्या मटारवाल्याचाच प्रश्न विचारू लागले. तबीयत कैसी है? सिस्टर म्हणायच्या, पी रही है.

सप्टेंबरात विश्वकर्मा पूजा आली. गोहलपुरच्या वर्कशॉपांत त्या दिवशी हत्याराला हात लावत नाहीत. यंत्रं धुऊनपुसून, कुंकू लावून, फुलं वाहून निजवून ठेवतात. रफीकभाईंना लेथ शिकवला तो गंगाराम उस्तादांनी. उस्ताद गेले, वर्कशॉप रफीकभाईंकडे आलं, आणि त्याबरोबर ही रीतही आली. पूजा कामगार करायचे. रफीकभाई हात बांधून बाजूला उभे राहायचे, आणि प्रसादाची बुंदी मात्र सगळ्यात आधी मागायचे.

त्या वर्षी ते आदल्या दिवशी जिना चढून वर आले आणि विचारलं, ऊपरवाली मशीन उद्या कधी बंद होणार? प्रशांतने खुर्ची वळवली.

"काहून बंद करायची, दीदी?" तो मला म्हणाला. "कधी बंद नाही पडावं म्हणूनच तर क्लस्टरवर नेलं आपण सगळं. अन् हा काय लेथ आहे?"

रफीकभाईंना मराठी बोलता येत नसलं तरी कळायचं सगळं. ते म्हणाले, बरं, बंद नका करू, पण कुंकू कुठे लावू ते सांगा. मी माझा लॅपटॉप पुढे केला. त्यांनी तो उलटसुलट करून बघितला. "ये तो कलम है, दीदी. मशीन कहाँ है?"

मला हसूही आलं आणि आत कुठेतरी हललंही. माझे वडील जबलपुरातल्याच रांझीच्या कारखान्यात होते. पूजेच्या दिवशी घरच्यांना आत जाऊ देत. इतर वेळी रस्त्यापर्यंत घरघर ऐकू येणारा तो शेड त्या दिवशी इतका गप्प असायचा, की आपण दबकत चालायचं. यंत्रांच्या रांगाच्या रांगा, कपाळावर कुंकू, गळ्यात झेंडू. मी एकदा मोठ्याने काही विचारलं, तर वडिलांनी ओठांवर बोट ठेवलं आणि हळूच म्हणाले, "निजलंय ते." साठीला आले तरी ती शांतता माझ्या कानांतून गेलेली नाही. म्हणून मी रफीकभाईंच्या बाजूने उभी राहिले. त्यात शहाणपण काही नव्हतं, नुसती ओढ होती.

पण सॉफ्टवेअर निजवायचं तर रीतसर निजवावं लागतं. शिट्ट्यांचे सगळे आकडे फळ्यावर उतरवून घ्यायचे आणि मगच थांबवायचं. डब्यांकडून येणारे आकडे तोवर रांगेत उभे राहतात, एकही वाया जात नाही. उठवलं की ते भराभर सगळे वाचून काढतं. अडचण एकच, की पूजेचा तेवढा अर्धा तास कुणाचंच लक्ष नसणार. त्यावर मी तोड काढली. त्या वेळात आपण सगळ्यांनी फोनवर बसायचं. प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचं की आमच्याकडे पूजा आहे, यंत्र निजलंय, तुम्ही जरा स्वतः दार उघडून बघा आणि काट्यावरचा आकडा सांगा. प्रशांतने कपाळाला हात लावला, पण यादीतली नावं सगळ्यांत वाटून दिली त्यानेच.

दुपारी खालचा लेथ थांबला. चहावरची वलयं विरली. एका जादा डबीला कुंकू लावून ती चौरंगावर पान्यांच्या आणि हातोड्यांच्या शेजारी ठेवली होती. प्रशांतने सॉफ्टवेअर थांबवलं, ठिपके राखाडी झाले, आणि माडीवर ती जुनी शांतता उतरली. मग आम्ही सगळे फोन घेऊन बसलो. वेल्डर, हिशेबनीस, खुद्द रफीकभाई. लोकांना मौज वाटली. मंडल्याच्या औषधवाल्याने पूजेचा प्रसाद पाठवा म्हणून सांगितलं.

मरावी सिस्टरांचा फोन माझ्या वाट्याला होता. त्या गप्पा मारतच फ्रीजरपर्यंत गेल्या. दार उघडल्याचं मी ऐकलं.

"दीदी," त्या म्हणाल्या, "बोतल हिलाई तो आवाज आई."

गोठलेलं दूध वाजत नाही. मी विचारलं, एकच की सगळ्या? त्या एकेक बाटली कानाशी धरून हलवत होत्या. वरच्या फळीवरच्या सगळ्या वाजत होत्या. बाहेरच्या काट्यावर तापमान सकाळपासूनच चढलेलं असावं. पण काट्याकडे बघणं त्यांनी आमची डबी बसली तेव्हापासून सोडलं होतं. का बघतील? काही झालं तर अलार्म वाजणारच होता. मी स्क्रीनवरची मागची नोंद बघितली. यंत्र निजेपर्यंत तो ठिपका हिरवाच होता.

मी रफीकभाईंना सांगितलं. ते एकदम उठले आणि जिन्याने खाली गेले. मी वरून बघत होते. चौरंगापाशी ते क्षणभर थांबले. मग फुलं बाजूला सारून त्यांनी पाने-हातोडे उचलले, गॅस भरायचं सामान उचललं, आणि हत्यारांवरचं कुंकू न पुसता पिशवीत भरलं. एक कामगार काही बोलायला गेला. "उस्ताद समझ लेंगे," एवढंच रफीकभाई म्हणाले. दुरुस्त होऊन उभा असलेला एक छोटा फ्रीजर गाडीवर चढवून ते निघून गेले. उस्तादांच्या माघारी त्या दिवशी हत्यार उचलल्याचं वर्कशॉपात कुणाला आठवत नव्हतं.

प्रशांत आणि मी माडीवर उरलो. अलार्म का वाजला नाही हे शोधायचं होतं, आणि माझ्या डोळ्यांपुढे ती नळी आणि ते थेंब होते. मला खूप भीती वाटत होती. प्रशांतने मुकादमाची नोंद उघडली आणि खाली खाली वाचत गेला. डब्या वाढल्यावर आमच्या खोक्यांना जागा अपुरी पडायला लागली होती. जागा संपली की खोकं पडायचं, मुकादम नवं उभं करायचा, आणि अर्धा तास व्हायच्या आत तेही पडायचं. चार म्हणजे चार, म्हणून स्क्रीनवर सगळं आलबेल.

"पण फळा होता ना?" मी विचारलं.

प्रशांतने स्क्रीनवरच्या एका ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाला, "दीदी, फळा आतच होता."

चाचणीच्या वेळी सोयीसाठी तो खोक्याच्या आत ठेवलेला, तो तसाच राहून गेला होता. आचारी पडला की फळाही त्याच्याबरोबर जायचा. नवा यायचा आणि पहिल्या शिट्टीपासून मोजायला लागायचा. अर्धा तास म्हणून कधी भरलाच नाही. आणि आम्ही? पावसाळाभर एकही अलार्म वाजला नाही म्हणून आम्ही एकमेकांची पाठ थोपटत होतो. डब्यांमुळे लोक आता फ्रीजर जपून वापरतात, असंही मी कुणाला तरी सांगितलेलं आठवतं.

आम्ही फळा बाहेर आणला, खोक्यांना जागा वाढवून दिली, आणि मगच यंत्र उठवलं. लगेच विश्वास टाकायची माझी तयारी नव्हती. मोजणी रंगात आली असताना मी प्रशांतला एक खोकं मुद्दाम पाडायला लावलं. नवं उभं राहिलं आणि पुढचा आकडा बोललं. प्रशांतने चष्मा काढून डोळे पुसले. त्या दिवशी सॉफ्टवेअर पूजेपेक्षा बरंच जास्त वेळ निजलं, आणि आम्ही सगळे तोवर फोनवरच होतो. त्या फोनांत आणखी दोन फ्रीजर तापलेले सापडले. त्यांत आइसक्रीम होतं, ते सोडा.

रुग्णालयात रफीकभाई फ्रीजरच्या मागे घुसून बसले होते. खालच्या फळीवरच्या बाटल्या दगडासारख्या होत्या, त्या छोट्या फ्रीजरमध्ये गेल्या. वाजणाऱ्या बाटल्यांपैकी काही डॉक्टरांनी त्या दिवसापुरत्या चालतील म्हणून सांगितलं. बाकीचं दूध मरावी सिस्टरनी स्वतः ओतून टाकलं. कुणाला हात लावू दिला नाही. मग त्या बाळंतिणींच्या वॉर्डात खाटेखाटेपाशी गेल्या. काय झालं ते त्यांनी सरळ सांगितलं. संध्याकाळपर्यंत नव्या बाटल्या भरल्या. मटरची एकही वेळ चुकली नाही.

पूजेने वाचवलं असं मी म्हणत नाही. देवाला शिट्ट्या मोजायला वेळ असेल असं मला वाटत नाही. आम्ही वर्षातून एकदा यंत्राकडे पाठ फिरवून माणसांना विचारलं, तुम्ही स्वतः बघा हो जरा. ते आम्ही कुंकवाच्या निमित्ताने विचारलं, एवढंच. पण निमित्त नसतं तर विचारलंच नसतं, हेही तितकंच खरं आहे. मटरची आई दिवाळीनंतर शुद्धीवर आली. बाजारात ताजा मटार आला त्या सुमारास तिघं घरी गेली, आणि सिस्टरनी मला मुद्दाम फोन करून सांगितलं की आता तबीयत विचारायला दुसरं कुणी शोधा.

पुढे दर वर्षी पूजेला आम्ही सॉफ्टवेअर निजवत राहिलो. प्रशांतच आधी आठवण करायचा. नंतर डब्यांचा धंदा एका बाहेरच्या मोठ्या कंपनीने घेतला. त्यांच्या करारात लिहिलं आहे की सेवा क्षणभरही बंद पडणार नाही. त्यांचं चूक आहे असं नाही, त्यांचा फळा बाहेरच आहे, मी निघण्यापूर्वी बघून आले. खालचा लेथ मात्र त्या दिवशी अजून निजतो.

यंदा पूजेच्या दुपारी मी रांझीला घरी होते. निवृत्त माणसाला कुणी काही विचारत नाही. चहा केला, कप पुढे ठेवला, त्यावर एकही वलय नव्हतं. करमेना. शेवटी फोन उचलला आणि मरावी सिस्टरांना लावला. पहिल्याच घंटीला त्यांनी घेतला. मी म्हटलं, सिस्टर, आज पूजा है, जरा...

"हाथ दरवाजे पर ही है, दीदी," त्या म्हणाल्या. "सुबह से आपकी राह देख रही हूँ."

दार उघडल्याचं ऐकू आलं. मग त्यांनी एक बाटली फोनजवळ धरून हलवली. मी कान लावून ऐकत राहिले. काहीच आवाज आला नाही.